कार्बन नेमका कुठं धरलाय? टर्बो डिझेल आणि सफाईची केमिकल्स

"मिस्त्री, गाडी घाटात पिकअपच घेईना झालीय."

"कार्बन धरला असंल मामा. बाटली टाकूया एक, हुतंय मोकळं."

कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोली नाक्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ थांबलात तर हे बोलणं कानावर पडतंच. यातलं निदान बऱ्याचदा बरोबर असतं, कारण टर्बो डिझेल इंजिनात कार्बन साचतोच. घोटाळा पुढच्या वाक्यात आहे. 'कार्बन क्लीनर' या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीची केमिकल्स विकली जातात. एक डिझेलच्या टाकीत जातं, एक ऑइलमध्ये, एक हवेच्या पाइपात, एक टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) गरम, म्हणजे धुराच्या बाजूला. एका जागेचं औषध दुसऱ्या जागी पोचत नाही, आणि चुकीच्या जागी पोचलं तर काही शे रुपयांच्या स्प्रेपायी अख्खं इंजिन खोलायची पाळी येते. म्हणून बाटली विकत घ्यायच्या आधी कार्बन कुठं साचलाय, ते कळायला हवं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून सोळा-सतरा पट लहान केली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. फवारा कितीही बारीक असला तरी सिलिंडरमध्ये काही जागी डिझेल जास्त आणि हवा कमी पडते. तिथं ते अर्धवट जळतं आणि काजळी तयार होते. शोरूममधून आज बाहेर पडलेल्या गाडीतही हे घडतं. बरीचशी काजळी त्याच आगीत पुढं जळून जाते, उरलेली सायलेन्सरच्या वाटेला लागते.

मग ही काजळी उलट्या बाजूला, म्हणजे हवा आत येते त्या मॅनिफोल्डमध्ये कशी पोचते? तिला तिथं आपणच नेऊन सोडतो. सिलिंडरमधली आग फार तापली की हवेतल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड बनतात. ते कमी करायला जळून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा भाग परत आत घेतला जातो, म्हणजे आगीचं तापमान उतरतं. धूर मोजून आत सोडणारा जो व्हॉल्व्ह, तो ईजीआर. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं त्याचं काम वाढलं. देशभर बीएस ४ (भारत स्टेज, म्हणजे गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारे नियम) लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस ६ आलं १ एप्रिल २०२० ला.

नुसती कोरडी काजळी एवढी चिकटत नाही. तिला चिकटवणारी गोष्ट दुसऱ्या पाइपातून येते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये निसटतोच. तो तिथं साठून राहू नये म्हणून ब्रीदरच्या पाइपातून परत हवेच्या वाटेवर सोडलेला असतो, आणि येताना ऑइलचे बारीक तुषार घेऊन येतो. टर्बो आणि इंटरकूलर (टर्बोनं दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) पार करून हे तेलकट वारं मॅनिफोल्डजवळ ईजीआरच्या धुराला भेटतं. काजळी, ऑइल आणि धुरातली वाफ एकत्र येऊन भिंतीला लागतात, वर दुसरा थर बसतो, त्यावर तिसरा.

मिस्त्रीनं मॅनिफोल्ड खोलला असेल तर जवळ जाऊन एकदा बघाच. ईजीआरचा पाइप जिथं येऊन मिळतो, तिथं थर सगळ्यांत जाड असतो. वरून काळ्या मखमलीसारखा दिसतो, पण बोट लावलं की कळतं, खाली चिकट आहे. आणखी खाली, धातूला लागून, तो कडक झालेला असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला तर खपल्या निघतात. एकाच थराच्या या तीन अवस्था लक्षात ठेवा. केमिकल वरच्या दोन अवस्थांवर चालतं, तिसरीपुढं ते बहुतेक वेळा हात टेकतं.

आणखी एक गोष्ट गाडी कशी चालवता त्यावर ठरते. घाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा लागते, म्हणून कॉम्प्युटर ईजीआर जवळजवळ बंद ठेवतो. राजारामपुरीतून बिंदू चौक, तिथून गांधीनगर, परत शाहूपुरी अशा हळू चालीत मात्र ईजीआर बराच वेळ उघडा असतो आणि इंजिन पुरतं तापतही नाही. गावातल्या गावात फिरणारी गाडी कमी किलोमीटरमध्ये जास्त का भरते, त्याचं कारण हे.

विरघळतं काय?

केमिकलबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ही. कार्बन विरघळत नाही. काजळीचे मूळ कण कार्बनचे असतात आणि गॅरेजात मिळणारं कुठलंही द्रावण त्यांना विरघळवू शकत नाही. द्रावण विरघळवतं ते कणांना धरून ठेवणारं तेल आणि डांबर. रस्त्यावर रॉकेल सांडलं तर डांबर मऊ होऊन खडी सुटते, पण खडी खडीच राहते. इंजिनातही तसंच होतं.

कार्बन घालवायचा दुसरा मार्ग जाळण्याचा. काजळी हवेत जळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस लागतात. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या बाजूला एवढी उष्णता कधीमधी मिळते. इंटेकच्या, म्हणजे हवा आत येते त्या बाजूला ती कधीच मिळणार नाही. त्यामुळं 'गाडी हायवेला ताणून आणा, कार्बन जळून जातो' हा जुना सल्ला अर्धा खरा आहे. किणी टोल नाक्यापर्यंत किंवा तवंदी घाट चढून चांगल्या आरपीएमला गाडी नेऊन आणली तर टर्बोची गरम बाजू आणि डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा डबा) यांना फायदा होतो. मॅनिफोल्डमधला थर मात्र जसाच्या तसा परत येतो.

यातूनच पुढचा प्रश्न निघतो, आणि तो विचारणारा ग्राहक मला फार क्वचित दिसतो. केमिकलनं थर सोडवला, मग सुटलेली खडी गेली कुठं? इंजिन चालू असताना इंटेकमध्ये सुटलेलं सगळं सिलिंडरमध्ये जातं, तिथून टर्बोच्या टर्बाइनवर, म्हणजे धुरानं फिरणाऱ्या चाकावर, तिथून डीपीएफमध्ये. प्रत्येक थांब्यावर ते काहीतरी करतं.

डिझेलच्या टाकीत ओतायची बाटली

ही सगळ्यांत जास्त खपते, आणि योग्य जागी खरंच कामाची आहे. तिची जागा म्हणजे इंजेक्टर, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी पिचकारी.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथं एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल मिळतं तिथं, डिझेल १६०० ते २००० बार दाबानं नोझलच्या भोकांतून सुटतं आणि ती भोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतात. नोझलचं तोंड आगीतच असल्यानं भोकांच्या कडेला थर बसतो. मग फवारा वाकडा होतो, थेंब मोठे पडतात, काजळी वाढते आणि वाढलेली काजळी ईजीआरमधून परत आत येते. बाटलीतलं डिटर्जंट इथं उपयोगी पडतं. त्याच्या रेणूचं एक टोक थराला धरतं, दुसरं डिझेलमध्ये रमतं, आणि थर कणाकणानं सुटून जळून जातो. हे हळू होतं. एका टाकीत गाडी नवी होईल अशी आशा धरू नका. दोन-तीन टाक्यांत आयडलिंग गुळगुळीत झालं आणि धूर उतरला तर बाटलीनं आपलं काम केलं.

पण डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. ते मॅनिफोल्डमधून जात नाही, इंटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला लागत नाही, ईजीआरलाही नाही. त्यामुळं टाकीत काहीही ओतलं तरी तिथला एक कणही हलणार नाही. 'इंजेक्टर, ईजीआर, टर्बो सगळं साफ' असं लेबलवर लिहिलेलं असतं, त्याचा उदार अर्थ एवढाच घ्यावा की पुढं काजळी कमी तयार होईल.

दुप्पट मात्रा टाकली म्हणून दुप्पट साफ होत नाही. इंजेक्टरच्या आतल्या सुईवरही थर बसतात आणि तिथली मोकळी जागा काही मायक्रॉनची असते. त्या थरांत सोडियमचे साबणासारखे क्षार सापडले आहेत, तसेच हलक्या प्रतीच्या डिटर्जंटचेच अवशेषही सापडले आहेत. लेबलवरच्या प्रमाणात टाका आणि नंतर डिझेल फिल्टर बदला, कारण टाकीच्या तळाचा गाळही सुटून तिथंच येतो.

टाकीत रॉकेल किंवा पेट्रोल मिसळायची जुनी सवय काही ड्रायव्हरांना आहे. जुन्या पंपावर ते खपून गेलं असेल, कॉमन रेलवर ते करू नका. या पंपाला डिझेलचंच वंगण असतं. डिझेल पातळ झालं की पंप आतून घासतो आणि त्याचा धातूचा चुरा चारही इंजेक्टरांत जाऊन बसतो. मग रेल, पंप, इंजेक्टर असा सगळा संच बदलायची वेळ येते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऊसतोडणीच्या हंगामात पंपाला हेलपाटे नकोत म्हणून शेतावर डिझेल साठवलं जातं, पुष्कळदा जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पिंपात. जस्त डिझेलमध्ये अगदी सूक्ष्म प्रमाणात उतरतं, पण नोझलवर थर बसायला तेवढं पुरतं. डिझेलच्या डिटर्जंटची कसोटी घेणारी युरोपातली एक प्रमाणित चाचणी आहे. तिच्यात नोझल मुद्दाम घाण करायला डिझेलमध्ये जस्तच मिसळतात, दहा लाख भागांत एक भाग. साध्या प्लॅस्टिकच्या, डिझेलसाठी बनवलेल्या टाकीत साठवलं तर हा त्रास मुळातच टळतो आणि बाटलीचा खर्चही वाचतो.

हवेच्या पाइपात मारायचा स्प्रे

या प्रकाराची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पेट्रोल इंजिनावरची पद्धत बघून कुणीतरी डिझेलचा एअर पाइप काढतो, इंजिन चालू ठेवतो आणि डबाभर स्प्रे आत सोडतो. पेट्रोल इंजिन किल्ली फिरवली की ठिणगी बंद होऊन थांबतं. डिझेलला ठिणगीच नाही. जळण्यासारखं जे काही हवेबरोबर आत जाईल, ते इंजिन खातं आणि आरपीएम चढवतं. स्प्रेमधली बरीच द्रव्यं झायलिन, ॲसिटोन अशी ज्वालाग्राही असतात. वर इंटरकूलरच्या तळाशी साठलेलं ऑइल त्या वाऱ्यानं उचललं गेलं तर इंजिन ऑइलवरही पळायला लागतं. किल्ली काढून हातात आली तरी ते थांबत नाही.

असा प्रसंग ओढवलाच, तर मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा म्हणजे इंजिन बंद पडतं. नाहीतर हवेचं तोंड जाड फळीनं झाकायचं. हात किंवा फडकं कधीही लावायचं नाही, आत ओढलं जातं. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताशी असेल तर तो हवेच्या तोंडात सोडला तरी चालतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा उपाय लागू पडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा धोका पातळ द्रवाचा. हिशेब करून बघा. १५०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे एका सिलिंडरचे ३७५ सीसी. कॉम्प्रेशन १६ पट धरलं तर पिस्टन पार वर गेल्यावर उरलेली जागा ३७५ भागिले १५, म्हणजे फक्त २५ सीसी. पाच चहाचे चमचे. इंटरकूलरच्या कोपऱ्यात साठलेलं क्लीनर एकदम एका सिलिंडरमध्ये गेलं आणि ते या पाच चमच्यांहून जास्त भरलं, तर द्रव दाबला जात नसल्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो.

तिसरा धोका टर्बोच्या पंख्याचा. छोट्या गाडीचा टर्बो जोरात असताना मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो. ४५ मिलिमीटर व्यासाचा पंखा धरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या घरात जातो, म्हणजे आवाजाच्या वेगाएवढा. त्यावर स्प्रेचा जाड थेंब आदळला किंवा पलीकडच्या टर्बाइनवर कार्बनची खपली आदळली तर पात्याची कड उडते. एकदा तोल गेला की टर्बो शिट्टीऐवजी सायरनसारखा ओरडतो, आणि ते बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

म्हणून स्प्रे वापरायचाच असेल तर तो डिझेलसाठीच बनवलेला असावा. एअरफ्लो सेन्सर, टर्बो आणि इंटरकूलर यांच्या पुढं, मॅनिफोल्डच्या तोंडाशी मारावा आणि लेबलवर सांगितलेल्या आरपीएमला, एक-दोन सेकंदांच्या छोट्या झोतांत. मोठ्या गाड्यांत हवा तापवायला इंटेकमध्येच हीटरची जाळी असते, तिथं ज्वालाग्राही स्प्रे मारणं म्हणजे आगीशी खेळ. आणि एवढं सांभाळून निघतो तो वरचा मऊ थर. माझ्या मते थर पातळ असताना, सर्व्हिसिंगच्या वेळी, अनुभवी हातानं स्प्रे मारला तर चालेल. लाखभर किलोमीटर झालेल्या, कधीच न उघडलेल्या मॅनिफोल्डवर तो मारू नये. तिथं खोलून साफ करणं हाच उपाय.

टर्बोची पाती

आजच्या बहुतेक डिझेल टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूला, टर्बाइनच्या भोवती, छोट्या हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, गॅस अरुंद फटींतून जोरात येतो आणि टर्बो लवकर उचलतो. आरपीएम वाढलं की पाती उघडतात. हे कडं रोज थोडंथोडंच हललं तर न हलणाऱ्या भागात काजळी आणि गंज साचतो. मग एखाद्या दिवशी करूळ घाटात पाती अर्ध्यावर अडकतात, दाब हवा तेवढा बनत नाही किंवा नको तेवढा बनतो, आणि कॉम्प्युटर इंजिनाला सावरायला ताकद कापतो. गाडी बंद करून परत चालू केली की पुन्हा ठीक वाटते. स्कॅनर लावला तर कमी दाबासाठी पी०२९९ किंवा जास्त दाबासाठी पी०२३४ हा कोड दिसतो.

कोड दिसला म्हणून लगेच केमिकल आणू नका. पाती हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंप जोडून दांडी बघा. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सरकली पाहिजे आणि व्हॅक्यूम सोडल्यावर झटकन परत आली पाहिजे. मध्ये अडखळली, धक्का खात गेली, तर पाती अडकली आहेत. दांडी मोकळी असेल तर रबरी व्हॅक्यूम पाइप तपासा. उंदरानं कुरतडलेला किंवा उन्हानं तडकलेला पाइप हुबेहूब हीच लक्षणं दाखवतो, आणि तो बदलायला टर्बोला हातही लावावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर असेल तर स्कॅनरमधून त्याची चाल तपासता येते.

पाती अडकल्याची खात्री झाली की फेस सोडायचं क्लीनर उपयोगी पडू शकतं. ते सेन्सरच्या भोकातून किंवा ईजीआरचा पाइप सोडून टर्बाइनच्या घरात भरतात, भिजू देतात, दांडी हलवत राहतात आणि मग इंजिन चालवून बाहेर काढतात. काजळी मऊ असेल तर पाती सुटतात. गंज असेल तर सुटत नाहीत, आणि एकदा सुटून थोड्याच दिवसांत परत अडकली तर गंजच आहे असं समजावं.

काही ठिकाणी याच कामाला कॉस्टिक सोडा असलेलं ओव्हन साफ करायचं द्रावण वापरतात. ते चालतं असं दिसतं, कारण टर्बाइनचं घर ओतीव लोखंडाचं असतं आणि लोखंडाला कॉस्टिक फारसं काही करत नाही. पण शेजारचं कॉम्प्रेसरचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्याचं घर ॲल्युमिनियमचं, ईजीआरच्या बऱ्याच बॉड्या ॲल्युमिनियमच्या, मॅनिफोल्डही पुष्कळदा ॲल्युमिनियमचा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. उद्यमनगरात लोखंडी ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळायची रीत जुनी आहे आणि त्या धातूसाठी ती बरोबरही आहे. त्याच टाकीत ॲल्युमिनियमचा भाग बुडवला तर तो चकचकीत नव्हे, खड्ड्याखड्ड्यांचा होऊन बाहेर येतो आणि त्याचं गॅस्केटचं तोंड कायमचं जातं.

टर्बो खोलून साफ करायचा तर तो रोज ते काम करणाऱ्याकडेच न्यावा. घर आणि मधला गाभा वेगळे करण्याआधी त्यांच्या जागांवर खुणा कराव्या लागतात. पात्यांच्या कड्याजवळ एक छोटा स्टॉप-स्क्रू असतो, तो पाती किती मिटावीत ते ठरवतो. साफसफाईत हा स्क्रू हलला तर टर्बो चकाचक होऊनही गाडी नीट ओढत नाही आणि कारण कुणाला सापडत नाही.

डीपीएफबद्दल थोडक्यात. बीएस ६ गाड्यांतला हा गाळणारा डबा काजळी अडवतो आणि मधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापून ती जाळतो. ती जळायचं तापमान उतरवणारी, सेरियम किंवा लोहयुक्त द्रव्यं डिझेलमध्ये मिसळायची पद्धत खरी आहे. २००० साली प्युजो ६०७ या गाडीत डीपीएफबरोबर सेरियमचं द्रव्य कंपनीनंच दिलं होतं. पण डब्यात काजळीबरोबर राखही साठते, आणि ती राख इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त यांची असते. राख आधीच जळून झालेली वस्तू आहे, तिला कुठलंही केमिकल जाळू शकत नाही. डबा काढून, उलट्या बाजूनं धुऊन किंवा हवेच्या दाबानंच ती निघते. म्हणून बीएस ६ गाडीत कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल घाला. डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसली तर खूश होऊ नका. डीपीएफ तापवायला ज्यादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, असा त्याचा अर्थ आहे. ऑइल लगेच बदला.

इंजिन फ्लश म्हणजे ऑइल बदलायच्या आधी जुन्या ऑइलमध्ये मिसळायचं द्रावण. ते मॅनिफोल्डला किंवा ईजीआरला स्पर्शही करत नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात त्यानं बिघडत नाही, पण त्याची गरजही नसते. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो, आणि ऑइलचा दाब कमी पडला की आधी बळी जातो टर्बोचा. अशा इंजिनात नेहमीपेक्षा निम्म्या अंतरावर दोनदा ऑइल आणि फिल्टर बदलणं मला जास्त सुरक्षित वाटतं. पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन बनवून इंटेकमध्ये सोडणारी 'डिकार्ब' यंत्रंही आता गावोगाव आली आहेत. मॅनिफोल्डचा थर थंड जागी बसलेला असतो, तिथं ना आग पोचते ना उष्णता. त्यामुळं मॅनिफोल्ड आणि ईजीआर साफ होतील या आशेनं त्यावर पैसे घालवू नयेत.

खोलून साफ करताना

थर जाड झाला की मॅनिफोल्ड आणि ईजीआर काढून बाकावर साफ करणं हेच खरं काम. इथं केमिकल पूर्ण ताकदीनं वापरता येतं, कारण सुटलेली घाण इंजिनात जात नाही. आधी सेन्सर आणि इलेक्ट्रिक मोटार वेगळी करायची. ईजीआरची मोटार द्रावणात बुडवली की संपली. ॲल्युमिनियमला चालेल असं डिग्रीझर लावून भिजू द्यायचं, मग प्लॅस्टिक किंवा पितळी ब्रश, कोमट पाणी, आणि पूर्ण वाळवण. हेडवरच्या पोर्टमध्ये हात घालायच्या आधी त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना, ते बघायचं. ईजीआर कूलर असेल तर गळतीची चाचणी तेव्हाच करून घ्यावी. गॅस्केट नवी. जोडून झाल्यावर स्कॅनरवरून ईजीआरच्या बंद-उघड जागा कॉम्प्युटरला परत शिकवाव्या लागतात. ते राहून गेलं तर साफ व्हॉल्व्ह असूनही आयडलिंग डुगडुगतं आणि ग्राहकाला वाटतं, पैसे वाया गेले.

हे काम करणाऱ्या पोरांचे हात बघितलेत कधी? नखांत, तळहाताच्या रेषांत काजळी, आणि समोर कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडा कार्बन उडवणं चालू. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली स्पष्ट वर्गीकरण करून सांगितलंय, आणि ती काजळी म्हणजे त्याच धुराचा घनभाग. कार्बन कोरडा उडवू नका, आधी भिजवा. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, मास्क आणि शटर उघडं. हे गॅरेजमालकानं आणून द्यायचं असतं, पोरानं मागायची वाट बघायची नसते. आणि ते काळं पाणी गटारात ओतलं तर जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. वापरलेल्या ऑइलचं पिंप असतं तसं याचंही वेगळं पिंप ठेवा आणि टाकाऊ ऑइल उचलणाऱ्या परवानाधारकालाच ते द्या.

इतकं सगळं करूनही वर्षभरात मॅनिफोल्ड परत भरला, तर दोष साफसफाईचा नसतो. काजळी किंवा ऑइल नेहमीपेक्षा जास्त कुठून तरी येतंय. काहीजण यावर ईजीआरला पत्रा ठोकून तो बंदच करून टाकतात. नव्या गाडीत कॉम्प्युटर ते ओळखतो आणि चेक लाइट लावतो. आणि मुख्य म्हणजे जो विषारी वायू रोखायला तो व्हॉल्व्ह दिला, तो आपल्याच पोराबाळांच्या नाकात जातो. ते करू नये.

कारण शोधायचा क्रम सोपा आहे. एअर फिल्टर झटकून नव्हे, बदलून बघायचा. ऊसवाहतुकीच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या फार आधी भरतो. मग टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे होज. बारीक चीर असेल तर तिच्याभोवती तेलकट धूळ चिकटलेली दिसते. तिथून हवा निसटली की डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे काळा धूर आलाच. पुढं इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचं. तिथून जोराचा, सलग वारा येत असेल तर रिंगा थकल्या आहेत आणि ब्रीदरमधून ऑइल जास्त जातंय. शेवटी इंजेक्टर. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि डिझेल कुठं किती जमतंय ते बघायचं. तिघांत सारखं आणि एकात दुप्पट भरलं, तर तो इंजेक्टर काढून नोझल टेस्टिंगला पाठवायचा.